रेघांवर सात उपाय

ट्रकच्या मागच्या कॅमेऱ्यात रेघा येणं हा मास्तरच्या मते आजार नव्हताच, नुसती सर्दी होती! "ताई, अर्धा तास दे. चहा निवायच्या आत चित्र स्वच्छ!" असं त्याने बहिणीला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

मास्तरने शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. तो गाड्यांचा वायरमन. पण स्क्रू पिळतानाही समोरच्याला समजावून सांगायची खोड, म्हणून हे नाव चिकटलं. महिनाभरात त्याने सात ट्रकांना कॅमेरे बसवले होते. केबिनमधल्या सातही पडद्यांवर रेघा नाचल्या आणि सातही वेळा संध्याकाळपर्यंत त्याने त्या घालवल्या! उपाय लाल शाईने वहीत टिपलेले. एकाची अर्थिंगची तार घासली, दुसऱ्याची केबल बदलली, तिसऱ्याचा तर नुसता कॅमेरा पुसला. सात ट्रक, सात उपाय. मास्तरला स्वतःचंच कौतुक वाटे.

ताईने वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवून आता कुठे स्वतःचा घेतला होता. फर्निचरच्या कारखान्याचं वर्षभराचं काम मिळत होतं, अट एकच: मागचं चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे. तपासायला कारखान्याच्या बाई चार वाजता येणार होत्या. ट्रक नापास झाला तर काम दुसऱ्याला!

भावोजी मात्र खुर्ची टाकून निवांत बसले होते. ताई ट्रक मागे घेताना "येऊ दे, येऊ दे!" ओरडायचं काम आजवर त्यांचं. कॅमेरा त्यांच्या पोटावर पाय आणणार होता, त्यामुळे त्यांचं लक्ष बारीक होतं.

शेडमधली केबिन अंधारी. मास्तरने नेहमीसारखा आपला लाडका दिवा डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसला, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि जोडणी केली. ताईने इंजिन सुरू करून रिव्हर्स गिअर टाकला. पडद्यावर रेघाच रेघा!

"सर्दी आहे," मास्तर म्हणाला आणि वही उघडली.

एक ते सात, सगळे उपाय झाले. रेघा जागच्या हलल्या नाहीत. मग त्याने हॉर्न सोडवला, रेडिओ उपटला, शेजारच्या वेल्डरचं काम बंद पाडलं. वेल्डर रिकामा झाला म्हणून तोही बघायला आला. दोन वाजता मास्तर रेघा अडवणारा फिल्टर आणायला दुकानात गेला. जाताना दिवा आणि वही बरोबर घेतली. या दोन वस्तू तो कुणावर सोडत नसे.

परत आला तर भावोजी उभे! "मास्तर, तुम्ही गेलात आणि चित्र आरशासारखं झालं!"

"शक्यच नाही!" मास्तर आत चढला, दिवा खुपसला. रेघा!

"खाली उतरा बघू," भावोजी म्हणाले. मास्तर दिवा घेऊन उतरला. आरसा!

"चढा." रेघा!

"यांच्या अंगातच करंट आहे!" वेल्डर म्हणाला.

आता मास्तरला स्वतःबद्दलच कुतूहल वाटू लागलं. त्याने घड्याळ काढून पाहिलं, पट्टा काढून पाहिला, बूटमोजे काढले. एका हाताने पँट सावरत आणि दुसऱ्या हातात दिवा घेऊन तो अनवाणी चढला, दिवा खुपसला. रेघा!

"अरे, चार वाजत आले," ताई हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. दिवा खिशात घालून तो बाहेर टायरवर जाऊन बसला.

बाई आल्या, केबिनमध्ये चढल्या. "वा! इतकं स्वच्छ चित्र? कोणी बसवलं?"

मास्तरच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं! "मी, मॅडम! सगळी खुबी अर्थिंगमध्ये आहे. थांबा, दाखवतो." तो टुणकन वर चढला आणि दिवा खुपसला.

रेघा! ताईचा चेहरा पांढरा पडला.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो दिवा काढा बरं." चित्र स्वच्छ. "घाला." रेघा. "काढा." स्वच्छ. "स्वस्तातला दिसतोय. असले दिवे कॅमेऱ्याच्याच विजेच्या लाइनवर कटकट सोडतात आणि पडदा ती पकडतो."

सगळे मास्तरकडे बघू लागले. भावोजींनी तोंड उघडलं, "दिव्याखाली..."

"भावोजी, ती म्हण नको!"

बाईंनी हसत हसत कागदावर सही केली. ताईने डोळे पुसले आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

संध्याकाळी ट्रक रिव्हर्समध्ये शेडबाहेर काढायला ताई बसली, शेजारी मास्तर. त्याने वही उघडली. सातही ट्रकांमधून तो संध्याकाळी दिवा काढून निघाला होता. म्हणजे रेघा त्याने घालवल्याच नव्हत्या. त्या त्याच्याबरोबर घरी गेल्या होत्या! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सातही उपाय खोडले. आता खरा उपाय मोठ्या अक्षरात लिहायचा होता, पण केबिनमध्ये काही दिसेना. सवयीने हात खिशात गेला.

"मास्तर!" ताई किंचाळली आणि तिने करकचून ब्रेक दाबला. पडदा रेघांनी भरला होता.

मागून भावोजींचा खणखणीत, आनंदी आवाज आला, "येऊ दे, येऊ दे! मी आहे!"