विरोधी पक्षाची चटई

लोकशाही ही फार नाजूक वस्तू आहे, आणि नाजूक वस्तू दहा हातांतून फिरवू नये, हे घरात काचेची बरणी असलेल्या कुणालाही पटेल. तेमारावा बेटांचे राष्ट्राध्यक्ष इओतेबा यांना ते पटलं, म्हणून त्यांनी ती स्वतःच्याच हातात घेतली.

आधी पोलीस खातं घेतलं (मंत्र्यांना ताप होता). मग मासेमारी, मग तिजोरी, मग न्यायालय (न्यायाधीशांना ताप येईलसं वाटत होतं). रीत मात्र त्यांनी कुठेही मोडली नाही. सभाघरात प्रत्येक पदाची ठरलेल्या खांबाखाली चटई असते आणि ज्याची चटई त्यानंच तिथून बोलायचं असतं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष एका चटईवरून प्रश्न विचारत, उठून लुंगी सावरत दुसऱ्या चटईवर जात आणि उत्तर देत. समाधान झालं नाही तर परत येऊन तसं स्पष्ट सांगत. प्रश्नांना उत्तरं मिळण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं.

उरली होती दक्षिणेच्या खांबाखालची, विरोधी पक्षाची चटई. तिच्यावर तेरेतिया बसे. तिच्या आधी तिचे वडील बसत. इओतेबांना तहहयात राष्ट्राध्यक्ष करण्याचा ठराव आला होता, आणि या चटईवरून एक ‘नाही’ आलं की घटनेनुसार तो बारगळणार होता.

“ताई, एकटीनं किती विरोध करणार? दमलात,” इओतेबा कळवळून म्हणाले. “तेवढंही मीच बघतो.”

“नको दादा, तुमचे गुडघे दुखतील. आधीच किती उठबस!”

जबरदस्तीचा प्रश्नच नव्हता. बसलेल्याला उठवायचं नाही, अशी रीत आहे. (रिकामी चटई बसेल त्याची, अशीही आहे.) राष्ट्राध्यक्षांनी शहाळी मागवली. दिलेलं शहाळं नाकारणं हा तिथे घोर अपमान. तेरेतियानं एक प्यायलं, दुसरं प्यायलं. मतदान कधी घ्यायचं हे सभापती ठरवणार होते (तेही तेच), आणि सभापतींच्या मते पाहुणचार अजून उरकला नव्हता.

पाचव्या शहाळ्यानंतर तिला लघवीची घाई आवरेना. घरच्या माणसानं चटई राखली तर चालतं, म्हणून ती मागे वळली. भाऊ, भावजय, चुलते, अर्धं गाव तिथे बसलं होतं.

“बाकोआ, पाच मिनिटं बस रे इथे. आलेच मी.”

भाऊ छपराकडे बघत म्हणाला, “बसलो असतो गं तायडे. पण आपल्या बेटाला दर आठवड्याची बोट देतो म्हणालेत. आत्ताच वाकडेपणा कशाला?”

“काका, तुम्ही?”

काकांनाही छपरात काहीतरी दिसलं. भावजयीलाही दिसलं. इतकं बघण्यासारखं छप्पर त्या सभाघराला आहे, हे त्या दिवशीच कळलं.

शेवटी ती उठली. तिला रडू येत होतं, रागाचं.

परत आली तेव्हा उबदार चटईवर बसून इओतेबा स्वतःला कडाडून विरोध करत होते. इतकं जळजळीत भाषण त्या खांबाखाली कधी झालं नव्हतं. लोकांचे डोळे पाणावले. मग देशहितासाठी त्यांनी आपला विरोध मागे घेतला, आणि पलीकडच्या चटईवर जाऊन त्याबद्दल स्वतःचे आभार मानले. टाळ्या मात्र त्यांनी जनतेवरच सोपवल्या.

बोट अजून आलेली नाही. तेरेतिया खांबाला टेकून उभी असते.

तुम्ही तिथे असता तर ती पाच मिनिटं नक्कीच बसला असता, त्याबद्दल वादच नाही. फक्त तुम्हाला कोणती बोट कबूल केली आहे, तेवढं आधी सांगा.