पाहणीआधी बुजलेला खड्डा

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता, सभा होती. राजा असताना तो एकटाच डरकाळी फोडायचा. आता सगळे मिळून फोडायचे. प्रगती म्हणतात ती हीच.

त्या जंगलात पाणवठ्याच्या वाटेवर एक खड्डा होता. कुण्या शिकाऱ्याने खणलेला आणि मग विसरलेला. त्यात पडून एक तरणाताठा साळिंदर मेला. मागे राहिला त्याचा धाकटा भाऊ, टोच्या. टोच्याला शिक्षण बेताचे, धीर त्याहून बेताचा. दादा गेल्यापासून त्याचे काटे खाली बसतच नव्हते. आईला वाटे, पोराला पोटाशी घ्यावे. पण घेणार कसे?

तो तसाच ताठ काट्यांनी सभेत घुसला.

"माझा दादा त्या खड्ड्यात मेला, हे लिहून घ्या," तो म्हणाला. "आणि अजून कुणी पडायच्या आत खड्डा बुजवा."

सभेने उभे राहून शोक पाळला. नागांना उभे राहता येईना, म्हणून त्यांनी फणा काढला, आणि शोकात थोडी पळापळ झाली. मग सत्तेतले लांडगे म्हणाले की खड्डा मागच्या राजवटीतला आहे. विरोधातले कोल्हे म्हणाले की असेल, पण खोल आत्ताच झाला. गोंधळ वाढला, तशी सभापती हत्तीने सोंड आपटली आणि विषय स्थायी समितीकडे धाडला. सगळ्यांना हायसे वाटले.

आता तुम्ही विचाराल, स्थायी समिती म्हणजे काय? सभेत बोलायला वेळ असतो, विचार करायला नसतो. म्हणून विचार करायला चार जण बाजूला बसवतात. ते कायमचे बसतात. सगळे समजून घेतात, शहाणपणाची शिफारस करतात, आणि ती ऐकायची की नाही हे न ऐकणारे ठरवतात.

समितीची प्रमुख होती घोरपड. एकदा चिकटली की सुटत नसे, हीच तिची लायकी. मनाने मात्र मऊ होती. तिने टोच्याला पाणी दिले, सगळे ऐकले, दोनदा डोळेही पुसले. सदस्यांनी खड्ड्याची लांबी, रुंदी आणि इतिहास विचारला. वटवाघूळ उलटे टांगलेले असल्याने त्याच्या मते ती टेकडी होती. त्याने तसे भिन्नमत नोंदवले.

"मग बुजवता ना, मावशी?" टोच्याने विचारले.

"आम्ही बुजवत नाही, लेकरा. बुजवावा, असं म्हणतो. तेही पाहणी झाल्यावर. तोवर खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही."

पाहणीला मुहूर्त लागेना. एका सकाळी हरिणाचे पाडस खड्ड्याच्या काठावरून घसरले. टोच्याने कान धरून त्याला वर ओढले, आणि मग त्याचे डोकेच फिरले. नखे तुटेस्तोवर तो माती लोटत राहिला. तळाशी दादाचे काटे पडले होते. ते त्याने उचलले नाहीत. त्यांच्यावरही माती घातली.

आणि दुसऱ्याच दिवशी समिती आली. बोरे खात खात तिने वाट न्याहाळली, हुंगली, वरून चालूनही पाहिले. घोरपडीने टिपण सांगितले, "खड्डा आढळला नाही. सबब त्यात कुणी पडलेले नाही."

"मी बुजवलाय तो! माझा दादा खाली आहे."

घोरपडीने त्याला बाजूला घेतले. "तसं लिहिते की. पण मग नियमाने तो पुन्हा उकरावा लागेल. नव्याने पाहणी होईपर्यंत उघडा ठेवावा लागेल. बोल, काय लिहू?"

टोच्याने वाटेकडे पाहिले. कालचे पाडस तिथेच उड्या मारत होते.

"लिहा," तो म्हणाला. "खड्डा नव्हता."

अहवाल एकमताने मंजूर झाला. वटवाघळानेसुद्धा सही केली. नुसती पाहणी करून खड्डा नाहीसा केल्याबद्दल सभेने समितीचे अभिनंदन केले.

तात्पर्य : मुलांनो, खड्डा कधीही स्वतः बुजवू नये. पुढे पडणारे वाचतात, पण आधी पडलेले मग पडलेच नव्हते असे ठरते.