सुभेदारांचा खडा आणि चिकट प्रथिने

माणसाच्या पोटात खडा आपोआप होत नाही. त्याला संघटन लागते. साताऱ्याच्या सर्जन डॉ. विनोदिनी यांनी आमच्या उंब्रजचे निवृत्त सुभेदार मानसिंग यांना ही गोष्ट सोनोग्राफीच्या फोटोवर पेन ठेवून समजावली. पित्तात काही प्रथिने कणांना एकत्र येऊ देत नाहीत. दुसरी काही चिकट असतात. ती कण गोळा करून बसतात (स्वतः विशेष काही करत नाहीत, पण बैठक मोडूही देत नाहीत). त्यातून खडा वाढतो. "सोमवारी पित्ताशय काढून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. "उशीर केलात आणि खडा नळीत अडकला, तर जिवावर बेतेल."

सुभेदारांनी यातला 'प्रथिने' हा एकच शब्द हुकमासारखा घरी आणला. डाळ, अंडी, दूध त्याच दिवशी बंद. (मटणाचा रस्सा चालू राहिला. तो पातळ असतो.) पित्तातली प्रथिने शरीर स्वतःच बनवते, डाळीशी त्यांचा संबंध नाही, हे सांगायचे डॉक्टरांना सुचले नव्हते.

आजाऱ्याला भेटायला जाण्याची आमच्या गावची पद्धत अत्यंत अनुकरणीय आहे. शनिवारपर्यंत एक्केचाळीस जण येऊन गेले. पैकी एकोणचाळीस जणांनी खड्यावर उपाय सांगितला. उरलेले दोघे कानाने अधू होते. त्यांनी गुडघ्यावरचा सांगितला.

"आप्रेशन कशाला रं गड्या?" शेजारचे आकाराम म्हणाले. "पानफुटीची पानं खा. माझ्या मेव्हण्याचा खडा आठ दिसांत पडला."

मेव्हण्याचा मुतखडा होता. मूत्रपिंड आणि पित्ताशय ही दोन स्वतंत्र खाती असून एकाची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही, ही तांत्रिक बाब कोणी उपस्थित केली नाही. सोमवार एकमताने पुढे ढकलण्यात आला. सुभेदारांच्या पत्नी राजेश्वरी आत चहा करत होत्या, त्यामुळे त्यांचे मत नोंदवता आले नाही.

अकरा दिवस सुभेदारांनी शिस्तीत पानफुटी चावली. बाराव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि अंगात हुडहुडी भरली. तातडीची बैठक बसली. काविळीची माळ पाटणची चांगली की कराडची, यावर दोन गट पडले आणि चर्चा रंगली.

राजेश्वरी किटली खाली ठेवून बाहेर आल्या. "आवं, माणूस जायाची येळ आली," त्या म्हणाल्या, "आता तरी तुमी जावा." मग त्यांनी जीप बोलावली आणि नवऱ्याला साताऱ्याला नेले.

सुभेदार वाचले, पण अगदी थोडक्यात. डॉक्टरांनी चिकट प्रथिनांची गोष्ट या वेळी राजेश्वरींनाही समजावली आणि खडे बाटलीत घालून दिले. ते बघायला पुन्हा तेच एक्केचाळीस जण आले. आकारामांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "पानफुटीनं लय बारीक झाल्यात बघा."

"डाक्टरीणबाईंचं ते चिकट प्रोटीन मला घावलं," राजेश्वरी कपबशा मांडत म्हणाल्या. "त्याला दर बैठकीला एक्केचाळीस कप चहा लागतोय."

आमच्या गावाला हसलात, ठीक आहे. पण 'पानफुटीपेक्षा ते अमुक दिलं असतं तर...' असे मघाशी तुमच्याही मनात येऊन गेले. या, बसा. बेचाळिसावा कप ठेवला आहे.