ज्योतीरामच्या हिमोग्लोबिनवरील सुधारात्मक कारवाई

जगातल्या प्रत्येक दोषाला एक मूळ कारण असतं आणि ते नेहमी, शोधणाऱ्यापेक्षा कमी पगार असलेल्या माणसात सापडतं. हा सिद्धांत आमचा नाही, तो आमच्याकडे आयता आला. पण चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्याचा जेवढा मनापासून वापर होतो तेवढा दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पत्रा फाटला, मशीन बंद पडलं, ट्रक उशिरा सुटला, बेसिनचा नळ गळायला लागला. पाच वेळा 'का' विचारा, पाचव्या 'का'ला कोणीतरी ऑपरेटर उभा असतोच. मग त्याला ट्रेनिंग द्यायचं, हजेरीपटावर सही घ्यायची आणि फाईल बंद करायची.

ती फाईल माझ्याकडे बंद होते. मी मुकुंद, ट्रेनिंग विभाग. (विभागात मी आणि एक प्रोजेक्टर असे दोघे आहोत. प्रोजेक्टर मला सीनियर आहे.) निघोज्याजवळच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग निघतात. गेल्या वर्षी मी एकूण ३१२ ट्रेनिंगं दिली. त्यात 'जिना सुरक्षितपणे कसा उतरावा' हे चार वेळा झालं, कारण स्टोअरच्या जिन्याची चौथी पायरी निखळलेली आहे. ती अजून निखळलेलीच आहे, पण आता लोक जाणीवपूर्वक पडतात.

तर मार्चमध्ये कंपनीत रक्ततपासणी झाली. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांवरच्या, ६४ कामगारांपैकी ४७ जणांचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघालं. बारा ही मर्यादा आमच्या डॉक्टरांनी प्रेसवर काम करणाऱ्यांसाठी ठरवली होती. चक्कर आलेला माणूस आणि दोनशे टनांचा प्रेस यांची गाठ पडू नये, एवढाच त्यांचा साधा हेतू. लागोपाठ दोन तपासण्यांत जो नापास होईल त्याला प्रेसवरून काढायचं, असा नियम नोटीस बोर्डावर लागला.

नापासांच्या यादीत ज्योतीराम होता. आकडा ९.८. हा मूळचा औशाकडचा, लातूर जिल्ह्यातला. सात वर्षं कंत्राटी, हात सोन्यासारखा, तोंड बेताचं. निघोज्यात एका खोलीत बायको पूनम आणि पहिलीतली ओवी यांच्याबरोबर राहतो. प्रेसवरून काढलं की प्रेसचा भत्ता जातो, आणि त्याच्या खोलीचं भाडं जवळपास तेवढंच आहे. पुढची तपासणी जूनमध्ये होती. म्हणजे ज्योतीरामकडे रक्त वाढवायला तीन महिने होते आणि आमच्याकडे कागद तयार करायला एक आठवडा.

आमचं काम वेळेत झालं.

या ४७ दोषांवर बैठक बसली. क्वालिटीचे हेड धनेश साहेब अध्यक्षस्थानी, एकूण नऊ जण, एसी आणि समोसे. (बैठक आहारावर होती हे मान्य, पण बैठकीच्या खर्चाच्या फॉर्मवर फक्त समोसाच छापलेला आहे.) फळ्यावर पद्धतशीर प्रश्न लिहिले गेले. रक्त का कमी? पालेभाजी, कडधान्य, फळं खात नाही म्हणून. का खात नाही? वडापाव खातो म्हणून. वडापाव का खातो? पंधरा रुपयांना मिळतो, पोट भरतं आणि उभ्या उभ्या संपतो. गेटवर फळांची प्लेट साठ रुपये आहे. मग साठ रुपये का परवडत नाहीत?

इथे मार्कर थांबला. पाचवा 'का' समोर दिसू लागला होता आणि अनुभवी माणसाला तो लांबूनच ओळखू येतो. एचआरवाले समोशाची खालची बाजू तपासू लागले. फायनान्सच्या साहेबांना फोन आला. (वाजला नव्हता.) धनेश साहेब उठले, त्यांनी चौथी ओळ शांतपणे पुसली आणि तिथे लिहिलं : 'कामगारास सकस आहाराची जाणीव नाही.' सगळ्यांना हायसं वाटलं. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तो मीच होतो.

कारवाया दोन ठरल्या. एक, ट्रेनिंग. दोन, कॅन्टीनमध्ये आरोग्य थाळी.

ट्रेनिंगसाठी पिंपळे सौदागरहून आहारतज्ज्ञ योगिनी मॅडम आल्या. विषय 'बजेटमध्ये आरोग्य', स्लाइड अडतीस. (त्यांची तासाची फी मी इथे देत नाही. तेवढ्यात ४७ जणांना महिनाभर पालक आला असता, असा हिशेब काही विघ्नसंतोषी लोकांनी केला होता.) मॅडम मनाने चांगल्या होत्या. सकस खाणं महाग असतं हा गैरसमज आहे, असं त्यांनी पहिल्याच स्लाइडवर सांगितलं. तिसऱ्या स्लाइडवर रोज चार अक्रोड आले. नवव्या स्लाइडवर ॲव्होकॅडो आला, आणि नुसता फोटो नाही, तर मॅडमनी पर्समधून खराखुरा काढून दाखवायला फिरवला. एकशे नव्वद रुपयांचं एक फळ सत्तेचाळीस जणांच्या हातांतून गेलं आणि अखंड परत आलं. शिस्त म्हणतात ती हीच.

शेवटी शंका विचारा म्हटल्यावर ज्योतीरामने हात वर केला.

"मॅडम, तुमी जे सांगायलाव ना, त्यातलं निम्मं आमी गावाकडं खायचोच. ज्वारीची भाकर, मेथी, शेंगदाण्याची चटणी, रानातली भाजी. हितं आल्यावर सुटलं."

"अरे, मग सोडलंत का?"

"हितं विकत घ्यावं लागतंय, मॅडम."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि अक्रोड चारऐवजी दोन केले तरी चालतील, असं सांगितलं. 'प्रश्नोत्तरे : समाधानकारक' अशी मी नोंद केली. ॲव्होकॅडो मॅडमनी भेट दिला, तो आम्ही नियमाप्रमाणे 'मास्टर सॅम्पल' अशी चिठ्ठी लावून, गेज म्हणजे मापं तपासायची साधनं ठेवायच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केला. शॉपमधली तेवढी एकच खोली एसी आहे. चिठ्ठीवर वैधता एक वर्ष लिहिली होती. सॅम्पल दहाव्या दिवशी काळं पडलं आणि चौदाव्या दिवशी त्याने शेजारचे दोन व्हर्नियर बाद केले.

थाळीचं काम खरेदी विभागाकडे गेलं. कॅन्टीनचे ठेकेदार बंटीशेठ यांनी दर दिला शहाण्णव रुपये : दोन भाकऱ्या, पालेभाजी, मोडाची उसळ, काकडी-बीट, ताक आणि एक हंगामी फळ. कंपनीची मंजुरी चौतीस रुपये. दुसऱ्या कोणी इथेच हात टेकले असते. पण आमचे गिऱ्हाईक, म्हणजे गाड्यांच्या कंपन्या, दरवर्षी आमच्या भागांची किंमत कमी करून मागतात आणि आम्ही ती देतो, तेव्हा बासष्ट रुपये म्हणजे किस झाड की पत्ती! पहिल्या फेरीत ज्वारी गेली, कारण ती गव्हापेक्षा महाग आणि बंटीशेठच्या चपातीच्या मशीनमधून भाकरी निघत नाही. दुसऱ्या फेरीत मोड गेले, मटकी राहिली. फळ हंगामी होतं, म्हणून हंगाम कोणता ते ठरवायचा अधिकार बंटीशेठना दिला. त्यांच्या मते सध्या कोणताच नव्हता. ताकाची पारदर्शकता वाढवली. बीट वगळून त्याचा रंग तेवढा कांद्यावर कायम ठेवला.

काकडी मात्र कोणी सोडायला तयार नव्हतं. थाळीचा आत्माच तो! म्हणून तिचं ड्रॉइंग काढलं : चकतीची जाडी तीन मिलिमीटर, टॉलरन्स अधिक शून्य, उणे दोन. म्हणजे एक मिलिमीटरची चकतीही बिनचूक ठरते. तपासायला टूलरूमने स्टीलचं गेज बनवलं. अशा काकडीतून पलीकडच्या माणसाच्या हातातला पेपर वाचता येतो, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. चौथ्या फेरीअखेर थाळी बरोबर चौतीस रुपयांत बसली. ती जुन्याच थाळीसारखी दिसत होती, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी भिंतीवर शहाण्णव रुपयांच्या थाळीचा मोठा रंगीत फोटो लावला. लोक त्या फोटोकडे बघून जेवू लागले. काही जणांनी चव सुधारल्याचं सांगितलं.

इकडे ज्योतीरामने आमच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं होतं. (ही प्रवृत्ती वाढत आहे.) पूनम संध्याकाळी बाजार उठता उठता जायची, तेव्हा जुडी वीसची दहाला होते. पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा अंडी. पण एवढं सगळं तिघांना पुरेना. तेव्हा तिने वाटणी सोपी केली : तपासणी ज्याची, ताट त्याचं. ज्योतीरामच्या ताटात बीट आणि अंडं, तिच्या आणि ओवीच्या ताटात चपाती आणि चहा, कधी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. ओवीने एकदा खजूर मागितला. "बाबाची परीक्षा झाली की तुला डबाभर आणू," असं पूनमने तिला सांगितलं.

हे मला ज्योतीरामने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मर्यादित साधनांचं इतकं काटेकोर नियोजन आमच्या प्लॅनिंग विभागालाही जमलेलं नाही, हे मी त्याला बोलूनही दाखवलं.

जूनमध्ये तपासणी झाली. ज्योतीराम १०.१.

सत्तेचाळीसपैकी दोघे पास झाले, त्यांतला एक तीन महिने गावी जाऊन आला होता. उरले पंचेचाळीस. आता नियम अमलात आणायचा तर पंचेचाळीस माणसं प्रेसवरून काढावी लागणार, प्रेस बंद, ट्रक बंद, पुढे गिऱ्हाइकाची लाईन बंद, आणि त्याचा दंड मिनिटावर. ज्या प्रश्नावर मार्चमध्ये नऊ माणसं बसली होती त्यावर आता एकवीस बसली. समोसे पुरले नाहीत, यावरून गांभीर्य लक्षात यावं.

तोडगा धनेश साहेबांनी काढला, आणि त्या माणसाची थोरवी मला त्या दिवशी कळली. भाग मापात नसेल आणि ट्रक दारात उभा असेल तर आपण काय करतो? भाग बदलत नाही. माप चुकलं तरी माल चालवून घ्यावा, असा सवलतीचा फॉर्म भरतो. शिपाई फॉर्म घेऊन आला. भागाचे नाव : प्रेस ऑपरेटर. नग : पंचेचाळीस. मागणी : किमान १२. प्रत्यक्ष : किमान ९.६. सुचवलेली नवी मर्यादा : ९.५. (ही शास्त्रीय पद्धतीने ठरली, सर्वांत कमी आकड्याच्या एक घर खाली.) ग्राहकास त्रास होईल काय : नाही. शेरा : आहे तसा वापरावा. डॉक्टर रजेवर होते, त्यामुळे त्यांची हरकत आली नाही.

ही आनंदाची बातमी मी स्वतः शॉपमध्ये जाऊन ज्योतीरामला सांगितली. तो फिट ठरला होता. भत्ता कायम. त्याने हातातले मोजे काढले.

"सर, मर्यादा साडेनऊ म्हणजे... माझं मार्चमदी नऊ पॉइंट आठ होतं ना?"

"हो."

"मंजे बीट खाल्लं नसतं तरी पासच होतो की मी."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"मग लेकराच्या तोंडचं कशाला खाल्लं म्हणायचं मी?"

याचं उत्तर मॅडमच्या अडतीस स्लाइडमध्ये नव्हतं. मला क्षणभर वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बराच वेळ वाटलं. जेवणसुद्धा गेलं नाही, अर्थात त्या दिवशी आरोग्य थाळी होती. पूनमचं आणि ओवीचं रक्त किती ते कोणाला माहीत नाही. त्या दोघी कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत, त्यामुळे त्यांच्यात दोष निघायची सोयच नाही.

जाता जाता एक छोटी तांत्रिक बाब. सवलतीच्या फॉर्मवर दोन रकाने असतात आणि आम्ही कागद वाया घालवत नाही. पहिल्या रकान्यात ज्योतीराम आणि मंडळी होती. दुसऱ्या रकान्यात त्याच दिवशी त्याच्याच प्रेसवरून निघालेले चार हजार दोनशे ब्रॅकेट होते, गाडीचं ब्रेकचं पेडल ज्याला धरून असतं ते. भोक पाव मिलिमीटर मोठं पडलं होतं. एक फॉर्म, एक सही, एकच शेरा. माल त्याच संध्याकाळी गेला. यंदा गाडीच्या किमतीत शोरूमने आपल्याला वीस हजार सोडले, तेव्हा आपण घरी जाऊन मोठ्या अभिमानाने सांगितलंत ना? त्या गाडीतून घाट उतरताना आपण पाय दाबाल. अजिबात काळजी करू नका. आमच्या नोंदीप्रमाणे तो ब्रॅकेट ज्योतीरामइतकाच तंदुरुस्त आहे.