जोगळेकरकाकांचं फ्रान्स

कॅनडात, हॅमिल्टनला आमच्या शेजारी राहणारे जोगळेकरकाका फ्रान्सला कधीच गेलेले नाहीत. पण फ्रान्सला निघालेला एकही मराठी माणूस त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. गणपतीच्या जेवणात कुणी नुसतं "समरमध्ये युरोपला जातोय" म्हटलं, की काका हातातलं ताट सांभाळत त्याला कोपऱ्यात घेत. "पॅरिस वगळा! तिथे काय आहे? रांगा. खेड्यात जा."

मग सुरू. दॉर्दोन्य नदीत होडी सकाळीच घ्यायची, दुपारी गर्दी होते. आठवडी बाजारात आधी 'बोंजूर' म्हणायचं आणि मगच बकरीच्या चीजकडे बोट दाखवायचं, नाहीतर दुकानदार ढुंकून बघत नाही. अक्रोडाचं तेल थेट घाण्यावर घ्यायचं. गुहेतली चित्रं बघायला जाताना स्वेटर न्यायचा. पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेले हे इंजिनिअर बर्फ शोव्हल करता करता मला लॅव्हेंडर कधी फुलतं ते सांगायचे, आणि माझा ड्राइव्हवे तसाच राहायचा.

कॉम्प्युटरवर ते एकेका खेड्यातून इतके हिंडले होते की, "चर्चमागे गाडी लावा, पुढची गल्ली वन-वे आहे," असं सदाशिव पेठेतला पत्ता सांगावा तसं सांगत.

स्वतः मात्र जात नसत. एका वर्षी गुडघा दुखला. पुढच्या वर्षी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. नंतर तर, "यंदा तिकडे सूर्यफुलं नीट आली नाहीत," हेही ऐकलं. नलूकाकू गेल्यापासून काका फार चिक्कू झालेत, असं लोक म्हणायला लागले. शेवटी माझी बायको सायली वैतागली. "काका, तुम्ही आमच्याबरोबर येताय. मी बुक करतेय." २०१७च्या जूनची आमची तिघांची तिकिटं निघाली. काका 'नको' म्हणाले नाहीत. उलट मेतकूट घ्यायची आठवण त्यांनीच केली.

निघायच्या दुपारी टॅक्सी दारात आली, तेव्हा काका घरातल्या चपला घालून पायरीवर बसले होते. बॅग कुठे दिसेना.

"काका, हे काय? फ्लाइट आहे!"

"तुम्ही जा. माझं नाही जमायचं."

"बरं वाटत नाहीये का?" सायलीनं विचारलं.

"मी ठणठणीत आहे गं." मग म्हणाले, "नलूचा दहावा आम्ही लेकच्या काठी केला. पिंडाला कावळा काही शिवेना. सीगल्स यायचे, ते मी हाकलायचो. मुलगा म्हणाला, 'डॅड, इट्स फ्रीझिंग, लेट्स गो.' मी म्हटलं, थांब. मुलांना जपेन म्हणून सांगितलं, घर सांभाळीन म्हणून सांगितलं. छे! तिचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. कॅनडात आल्यापासून म्हणायची, फ्रान्समधलं एखादं खेडं बघू या. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर. शेवटी हात जोडले आणि म्हटलं, 'नलू, तुझं फ्रान्स मी बघून येईन.' लगेच शिवला."

"मग शब्द दिलाय तर चला ना, काका!"

"शब्द दिलाय म्हणून तर ती वाट बघतेय, सायली. बघून आलो, की माझी वाट बघणारं कोण उरलं?"

सायली त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि सरळ रडायला लागली. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. काकांनीच तिला उठवलं, आमच्या बॅगा टॅक्सीच्या ट्रंकमध्ये नीट लावून दिल्या.

"या जाऊन. सगळं बघा," ते म्हणाले. गाडी सुरू झाली, तसे खिडकीशी वाकले.

"पण आल्यावर मला सगळं सांगू नका हं. थोडं बघायचं राहू दे."