टेंभुर्णीचा फेटा

नापास होण्याच्या काठावर उभा असलेला विद्यार्थी सावरायला शिक्षकाने एकदा त्याच्या घरचा उंबरा ओलांडला की पुरे, असे प्रा. देवानंद साबळे यांनी प्राध्यापकांच्या बैठकीत जाहीर केले. जालन्यातल्या त्या महाविद्यालयात शिक्षणशास्त्रावरची इतकी पुस्तके दुसऱ्या कोणी वाचली नव्हती. त्यामुळे विरोध करण्याइतकी माहितीही कोणापाशी नव्हती. प्राचार्यांनी जांभई आवरत विचारले, "सुरुवात कुणापासून?"

"टेंभुर्णीच्या माऊलीपासून."

माऊलीचे तीन विषय राहिले होते. हिवाळी परीक्षेत ते सुटले नाहीत, तर तिसऱ्या वर्षाचे दार त्याला बंद होणार होते. शेवटच्या बाकावर तो असा बसे, जणू त्याला तिथे ठेवून कोणीतरी न्यायला विसरले आहे.

रविवारी देवानंद मोटारसायकलवरून टेंभुर्णीला पोहोचले. अंगणात सतरंजी, मधोमध खुर्ची आणि भोवती अर्धे गाव. माऊलीचे वडील रामराव पुढे झाले. देवानंदांनी तोंड उघडण्यापूर्वीच डोक्यावर गुलाबी फेटा चढला, खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला.

"रामराव, माऊलीचे जे तीन विषय..."

"सर, ते बोलायचं कामच न्हाई. तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय लावला, आम्ही काय ते समजलो."

देवानंदांना भरून आले. जे कळायला त्यांना भिंतभर ग्रंथ लागले, ते या माणसाला उपजतच उमगले होते. माऊलीच्या आईने, तुळजाबाईंनी, आग्रहाने वाढलेल्या पुरणपोळ्या संपवून निघताना ते सर्वांसमक्ष म्हणाले, "माऊलीची काळजी आता माझ्यावर."

टाळ्या झाल्या. त्या अंमळ जास्तच झाल्या, हे त्यांच्यासारख्या व्यासंगी माणसाच्या लक्षात यायला हवे होते.

दुसऱ्या दिवसापासून माऊली जादा तासाला येईनासा झाला. देवानंदांनी फोन केला, तेव्हा रामराव अभिमानाने म्हणाले, "पोरगं बिलकुल कामाला लागलंय सर. दिवस उगवल्यापासून." ग्रंथांत याला आत्मप्रेरणा म्हणतात. देवानंदांनी तिच्यावर एक शोधनिबंधही लिहायला घेतला.

मग एके सकाळी जुन्या जालन्यातल्या त्यांच्या बोळात एक जीप शिरली. अंबडकडचे रखमाजी उतरले.

"टेंभुर्णीला गेल्ते म्हणं तुम्ही. मंग आमच्याकडं का न्हाई? आमचं पोरगं काय हुशार हाय का?"

"अहो, तुमचा कल्याण वर्गात पहिला आहे."

"मंग तर तुम्हाला काम हलकंच पडंल. फेटा संगं आणलाय. चला जल्दी."

"कसलं काम?"

रखमाजींनी शेजारच्या खिडक्यांकडे पाहून आवाज खाली आणला. "पास करायचं. रामरावाचं घेतलंच की तुम्ही. आहेर घेतला, शब्दबी दिला."

देवानंदांनी आयुष्यभर जमवलेले सगळे शब्द त्या क्षणी सामुदायिक रजेवर गेले. रखमाजींना फेट्यासकट परत पाठवून ते कपाटाकडे धावले, गुलाबी फेटा पिशवीत कोंबला आणि थेट टेंभुर्णी गाठली.

पिशवीतून फेटा निघताच रामरावांचा चेहरा उतरला. परत आलेला फेटा म्हणजे मोडलेली सोयरीक.

"न्हाई झालं व्हय काम? कुठं अडलं, सर? प्राचार्यांपाशी? त्यांलाबी बांधू की."

"रामराव," देवानंद बर्फासारख्या आवाजात म्हणाले, "पेपर माऊलीने लिहायचा आहे. मी केवळ अभ्यास करून घेणार होतो."

तुळजाबाईंनी आणलेला चहा तसाच परत नेत विचारले, "हे त्या दिवशी पोळ्या खाताना सांगता आलं न्हाई व्हय, सर? पास झालंच म्हणून आम्ही पोराला कपाशी वेचायला लावलंय."

तेवढ्यात केसांत कापूस अडकलेला माऊली वावरातून आला. दोन वर्षांत प्रथमच तो पूर्ण वाक्य बोलला. "सर, मला वाटलंच होतं काहीतरी चुकून राह्यलंय. पण बापू म्हणले, सरांनी शब्द दिलाय."

परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. देवानंदांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणले, ग्रंथ माळ्यावर टाकले आणि आजवर केवळ मनात वापरलेली मराठी मोठ्याने वापरली. ती माऊलीला चटकन समजत होती.

माऊली तिन्ही विषयांत सुटला. काठावर, पण सुटला.

निकाल लागला, तसे रामराव गाव घेऊन महाविद्यालयात हजर झाले. देवानंदांनी पायरीवर उभे राहून शक्य तितक्या स्पष्ट भाषेत सांगितले, "माऊली स्वतःच्या कष्टाने उत्तीर्ण झाला. त्यात माझा काडीचाही हात नाही."

रामराव समाधानाने लोकांकडे वळले. "बघा. माणूस असा पाहिजे. काम बराबर करतो, अन् तोंडानं कबूल करत न्हाई."

गर्दीच्या मागे रखमाजी उभे होते. कल्याण यंदा दुसरा आला होता. "माझा फेटा वापस पाठवला तुम्ही," ते जड आवाजात म्हणाले. "तवाच मी समजलो."

याचे उत्तर शोधत देवानंदांनी मान खाली घातली. फेटा बांधून घ्यायला सर वाकले, असे समजून रामरावांनी पहिला वेढा टाकला.