पहिल्या भागातले गायधनी काका

गायधनी काका गेम कधीच पॉज करत नाहीत. चहा उतू जाऊ दे, कुरिअरवाला बेल वाजवून परत जाऊ दे, खुर्ची रिकामी ठेवून ते उठणार नाहीत. उठायचंच झालं तर जिन्याकडे तोंड करून ओरडतात, "रिलिव्हर!"

तो रिलिव्हर म्हणजे मी. नाशिक रोडला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसाला नाही म्हणायचं धाडस अजून होत नाही. पुस्तक पालथं टाकतो आणि खाली धावतो.

काकांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही तिथली शिस्त. निवृत्तीनंतर ती घरी आली. "काका, एक बटण दाबलं की गेम थांबतो," मी सुरुवातीला भीत भीत सांगितलं होतं.

"चालू युनिट असं थांबवतात का रे? चल, चार्ज घे."

चार्ज रीतसर मिळतो. टेबलावरच्या लॉगबुकात नोंद असते: 'तब्येत बासष्ट. गोळ्या चाळीस. दार नंबर तीन बंद. आत दोन प्राणी, जिवंत.' खाली मी सही केली की मगच काका बाथरूमला जातात.

गेम बंदुकीचा आहे. पडद्यावर नुसते दोन हात आणि बंदूक दिसते, बाकीचा शिपाई आपण. जमिनीखाली बंद पडलेला कारखाना आणि अंधारातून अंगावर येणारे प्राणी. शिपाई मेला तर काका 'मेला' म्हणत नाहीत. "ट्रिप झालं," म्हणतात आणि कारणासकट लिहून ठेवतात. एकदा माझ्या हातून लागोपाठ तीनदा ट्रिप झालं. "सातपूरच्या कारखान्यांत तुला कोणी ड्रिल मशीनपाशीसुद्धा उभं करणार नाही," ते म्हणाले.

हा गेम इतका गाजला की त्याचे पुढचे भाग निघत गेले. काकांचा मुलगा सुमित जर्मनीला जाताना पहिले तीन काँप्युटरवर टाकून गेला. "बाबा, तिसऱ्यात लांबून दोघांना मिळून खेळता येतं. तिथवर या, मग आपण खेळू," असं सांगून गेला. काका अजून पहिल्यातच होते.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी खेळत होतो. काका मागे दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "डावीकडे! अरे, डावीकडे!" मी वळलो. डावीकडे काहीच नव्हतं. मग भिंत फुटली आणि प्राणी आला. "आता वर बघ!" वर फक्त पाइप. क्षणभरानं तिथूनही एक उतरला.

काका दूध आणायला गेले. मी गेममध्ये साठवलेल्या जुन्या खेळांची यादी उघडली. दुसऱ्याचं असं बघू नये, हे मला कळतं. पण बघितलं. शेवटचा टप्पा पूर्ण झालेला होता, तोही दिवाळीत. तेव्हापासून काका रोज सकाळी परत दार नंबर तीनपासून सुरू करत होते.

ते आल्यावर मी चाचरत विचारलं, "काका, हा तर तुम्ही कधीच संपवलाय ना?"

दुधाची पिशवी हातात धरून ते उभेच राहिले. "यादी उघडायला तुला कोणी सांगितलं होतं?" मग स्टुलावर बसले. "तिसऱ्याला पोचलो की सुमितला विचारावं लागेल. तो म्हणाला, 'बाबा, आता कुठला वेळ,' तर? त्यापेक्षा विचारायचं राहिलंय, हे बरं."

"नुसता मेसेज टाकून बघा," मी म्हणालो.

काकांनी फोन घेतला. लिहिलं, खोडलं. उठले, बसले, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी पाठवलं ते मी पाहिलं: 'जेवलास का?'

दूध पातेल्यात ओतायच्या आत उत्तर आलं. 'हो, आत्ताच. बाबा, गेम कुठवर आला? मी थांबलोय तुमच्यासाठी.'

काकांनी फोन लांब धरून ते दोनदा वाचलं. मग धडधडीत खोटं लिहिलं: 'पहिला आजच संपला.' आणि माझ्याकडे वळून ओरडले, "बसलायस काय नुसता? सरक! दुसरा काढ!"

"काका, माझी परीक्षा आहे."

"कधी?"

"सोमवारी."

"मग रविवारपर्यंत संपवू," काका म्हणाले. त्यांनी लॉगबुकाचं नवं पान काढलं.